रुमालाखालचा नवा भाव

आमच्या जिल्ह्यांत गेल्या दहा-बारा वर्षांत एक नव्या तऱ्हेचा व्यापारी येऊन बसला आहे. त्याला पेढी नाहीं, गादी नाहीं, तराजू नाहीं कीं दारावर पाटी नाहीं. तो आपल्या खिशांतल्या मोबाईलमध्यें बसतो. माल घेणारा तोच, विकणारा तोच, कर्ज देणारा तोच, माणसें कामास लावणारा तोच, आणि शेतीविषयीं फुकट सल्ला देणाराहि तोच. त्याच्याशीं आपला रोजचा व्यवहार सुरू झाला. परंतु त्या व्यवहाराचा हिशेब कोणत्या वहींत लिहिला जातो, ती वही कोणीं पाहावयाची, आणि तींत चूक निघाल्यास दाद कोणापाशीं मागावयाची, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंनीं अद्यापि केलेला दिसत नाहीं. तो त्यांनीं करावा, एवढ्याचसाठीं हा लेख लिहीत आहों.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतों. आम्ही यंत्राचे शत्रु नव्हों. आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. सात-बाराच्या एका उताऱ्यासाठीं शेतकऱ्यानें तालुक्याला तीन-तीन खेपा घालाव्या, तलाठी भेटला तर शिक्का नाहीं, आणि शिक्का असला तर तलाठी वसुलीला गेलेला, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तोच उतारा आज घरबसल्या निघतो. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवरून स्वतः करूं शकतो. सकाळीं लासलगांवला कांद्याचा भाव काय निघाला, हें येवल्याच्या शेतकऱ्यास गाडी भरण्यापूर्वींच कळतें. हा लाभ लहान नाहीं, आणि तो नाकारणें शहाणपणाचेंहि नाहीं. आमची तक्रार यंत्राविषयीं नसून, यंत्राच्या आड बसून जो हिशेब झांकून ठेवतो त्याच्याविषयीं आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा बाजार आठवावा. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, दोघांच्या हातांवर रुमाल टाकलेला असे, आणि त्याखालीं बोटें दाबून भाव ठरत असे. यालाच हत्ता पद्धति म्हणत. ज्याचा माल तो शेतकरी शेजारींच उभा राही. पण भाव काय ठरला, तर अडत्या सांगेल तो. खरेदीदारानें किती कबूल केलें आणि शेतकऱ्याच्या पदरांत किती पडलें, यांतली तफावत रुमालाखालींच राही. वजनांत, कडत्यांत, नमुन्यांत आणि धर्मादायांत जें जाई तें वेगळेंच. ही रीत मोडण्यासाठीं मुंबई इलाख्यांत सन १९३९ चा शेतमाल बाजार कायदा झाला. १९४७ सालीं लासलगांवची बाजार समिति स्थापन झाली, आणि पुढें सन १९६३ चा महाराष्ट्राचा कायदा आला. या सर्वांचें सार थोडक्यांत सांगतां येईल: उघडा लिलाव, तपासलेलें वजन, लेखी हिशेबपट्टी, आणि तक्रार ऐकणारी समिति.

बाजार समित्यांत दोष नाहींत असें कोण म्हणेल? सन २०२३ च्या ऑगस्टांत कांद्यावर ४० टक्के निर्यातकर बसला, तेव्हां आपल्या जिल्ह्यांतले लिलाव बंद पडले, आणि सप्टेंबरांत व्यापाऱ्यांनीं ते पुन्हा बंद ठेवले. त्याची झळ शेतकऱ्यासच लागली. द्राक्षाच्या हंगामांत बागेंतून माल उचलून पैसे न देतां पसार होणारे व्यापारी आपणांस ठाऊक आहेत. परंतु तेथें निदान इतकें होतें कीं, लिलाव कोणीं बंद ठेवला हें दिसत होतें. कोणाच्या दारांत जाऊन बसावयाचें हें ठाऊक होतें. नव्या व्यापाऱ्याला दारच नाहीं. आणि त्याच्या हातावरचा रुमाल पूर्वींच्या रुमालापेक्षां पुष्कळ मोठा आहे.

तो कसा, हें एका साध्या उदाहरणावरून पाहूं. नाशिक शहरांत गंगापूर रोडवर राहणारा एक गृहस्थ मोबाईलवरून जेवण मागवितो. तो कंपनीस कांहीं रक्कम देतो. खाणावळवाल्याच्या हातीं कंपनी आपलें कमिशन कापून कांहीं रक्कम ठेवते. तें जेवण मोटारसायकलवरून पोंचविणाऱ्या मुलास कांहीं रक्कम मिळते. आतां गिऱ्हाइकानें दिलेल्या पैशांतून मुलाला काय मिळालें, हें गिऱ्हाइकास ठाऊक नाहीं. गिऱ्हाइकानें काय दिलें, हें मुलास ठाऊक नाहीं. खाणावळवाला आपल्याच मालाचें गिऱ्हाईक कोण हें ओळखत नाहीं. तिघांनाहि आपापलाच आंकडा दिसतो. तिन्ही आंकडे पाहणारी एकटी कंपनी. हा रुमाल नव्हे तर काय? शिवाय जुना भाव निदान त्या दिवसापुरता तरी टिकत असे. हा भाव पाऊस आला, गर्दी झाली किंवा रात्र झाली म्हणून घटकेघटकेला बदलतो, आणि बदलण्याचा नियम कोणास सांगितला जात नाहीं.

शेतमालाचेंहि तसेंच होऊं लागलें आहे. सन २०१६ च्या जुलैंत राज्य सरकारनें फळें व भाजीपाला यांवरील बाजार समितीचें बंधन आवाराबाहेर उठविलें. त्यामुळें कंपन्या बांधावर येऊन माल घेऊं लागल्या. स्पर्धा वाढली, आणि कित्येकांस चार पैसे अधिकहि मिळाले, हें आम्ही मान्य करतों. परंतु लिलावांत शेजाऱ्याचा ढीग काय भावानें गेला हें दहा जण ऐकतात. मोबाईलवर आलेला भाव एकट्यालाच आलेला असतो. शेजारच्या गटांतल्या टोमॅटोस तोच भाव आला कीं दुसरा, हें बांध ओलांडून विचारल्याशिवाय कळत नाहीं. पुढें संकलन केंद्रावर प्रतवारी होते, आणि किती क्रेट नापास ठरले हा आंकडा सांगणारा माणूस कंपनीचाच असतो. भाव त्याचा, प्रत त्याची, वहीहि त्याची. लबाडी होतेच असें आम्ही म्हणत नाहीं. लबाडी झाल्यास ती ओळखण्याचें साधन शेतकऱ्याच्या हातीं ठेवलेलें नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

आतां या व्यवहारांत राबणाऱ्या माणसांकडे वळूं. हीं माणसें परकीं नव्हत. सिन्नर, येवला, नांदगांव या पाऊस हुलकावणी देणाऱ्या तालुक्यांतलीं मुलें खरीप गेला कीं नाशिक, पुणें, मुंबई गांठतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या पाठीवर आज एकाद्या कंपनीची पिशवी दिसते. नीति आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालांत अशा तऱ्हेच्या कामगारांची संख्या सन २०२०-२१ मध्यें ७७ लाख धरली असून, २०२९-३० पर्यंत ती २ कोटि ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला आहे. कंपनी त्यांस नोकर म्हणत नाहीं, भागीदार म्हणते. भागीदारी म्हटली म्हणजे नफ्यांत वांटा आणि वही पाहण्याचा हक्क, असा आमचा समज आहे. येथें मोटारसायकल मुलाची, पेट्रोल मुलाचें, अपघात मुलाचा. आणि नफा व वही मात्र कंपनीची. हा कोणत्या तऱ्हेचा भागीदार?

आमच्या परिचयांतला येवला तालुक्यांतील एक तरुण असें काम करीत होता. कंपनीचें नांव येथें देत नाहीं. एका गिऱ्हाइकानें माल पोंचला नाहीं अशी तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं या मुलाचें ॲप उघडेना. तक्रार कोणाची, कोणत्या दिवसाची, पुरावा काय, हें कांहींच कळलें नाहीं. मोबाईलवर प्रश्न टाकला तर ठराविक उत्तर येई, आणि तें उत्तर यंत्र देत होतें. मोटारसायकलचा हप्ता मात्र चालूच होता. अशा रीतीनें नऊ दिवस गेले, आणि दहाव्या दिवशीं ॲप आपोआप उघडलें. तें बंद कां झालें आणि सुरू कां झालें, याचें कारण त्याला आजतागायत मिळालें नाहीं.

आम्ही दप्तरांतले माणूस. आम्हांस येथें फेरफाराची आठवण होते. कोणाच्या जमिनीच्या नोंदींत एक अक्षर बदलावयाचें असलें तरी तलाठ्यास फेरफार धरावा लागतो, त्याची प्रत चावडीवर लावावी लागते, हितसंबंधी माणसांस नोटीस द्यावी लागते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत ठेवावी लागते, आणि हरकत आल्यास सुनावणी घ्यावी लागते. मगच नोंद मंजूर होते, व तिच्यावर अपीलहि चालतें. ही रीत कंटाळवाणी आहे खरी. पण ती कां घातली? एका लेखणीच्या फटकाऱ्यानें कोणाची भाकरी जाऊं नये म्हणून. आज लाखों मुलांची भाकरी यंत्राच्या एका फटकाऱ्यानें जाते, आणि तेथें नोटीस नाहीं, मुदत नाहीं, सुनावणी नाहीं.

कोणी म्हणतील, "तुम्ही जमीनदार मंडळी आपल्या सालदारास असा काय न्याय देतां?" प्रश्न योग्य आहे. आमच्या वर्गाकडून मजुरांस नेहमींच न्याय मिळाला असें मुळींच नाहीं. तथापि पाडव्याला किंवा आखाजीला सालदार ठरतो, तेव्हां वर्षाचें साल किती, धान्य किती, कपडे किती, हें चार माणसांसमक्ष बोललें जातें, आणि मालकाला तें मध्येंच बदलतां येत नाहीं. बदललें तर गांव नांवें ठेवतो. कंपनीला नांवें ठेवणारा गांव कोठें आहे? म्हणूनच कायद्याला त्या गांवाची जागा घ्यावी लागेल.

कायदा अगदींच झोंपलेला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. राजस्थानानें सन २०२३ मध्यें या कामगारांसाठीं देशांतला पहिला कायदा केला. सन २०२० मध्यें मंजूर झालेली केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली असून, तींत या कामगारांची व्याख्या झाली आहे. आणि कंपन्यांनीं आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र कामगारांस दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नाहीं, इतका वांटा त्यांच्या निधींत भरावा असें ठरलें आहे. त्यानें आजारपणाची व अपघाताची कांहीं तरतूद होईल. पण आजचा दर कसा ठरला, हा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यानें एक पाऊल पुढें टाकून, कामगारास काढण्यापूर्वीं लेखी कारण व १४ दिवसांची नोटीस देण्याचें बंधन घातलें. म्हणजे फेरफाराची जुनी रीत कंपनीच्या दारीं जाऊं शकते, हें शेजारच्या राज्यानें दाखविलें आहे.

कर्जाच्या बाबतींत तर आपल्या मुलखास इतिहासानेंच धडा दिलेला आहे. सन १८७५ च्या १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकरी उठले, आणि बंड पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. त्यांचा रोख मुख्यतः खतांवर होता. ठिकठिकाणीं सावकाराच्या घरांतून कर्जरोखे काढून त्यांची होळी केली गेली. कारण वाचतां न येणाऱ्या माणसाच्या आंगठ्यावर तो कागद उभा होता, आणि त्यांत काय लिहिलें आहे हें लिहिणाराच जाणत होता. त्याची चौकशी होऊन सन १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व त्या वेळचें अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यांत सावकारानें पावती द्यावी, दरसालचा हिशेब द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावें, दस्त गांवच्या नोंदणी कामगारासमोर व्हावा असें ठरलें. आणि मुख्य म्हणजे खतांतला आंकडा प्रमाण न मानतां मूळ मुद्दल किती होतें हें मागें जाऊन पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला.

आजचें खत मोबाईलवर असतें. तें वीस-तीस पानांचें, बहुधा इंग्रजींत, आणि खालीं "मान्य" म्हणून एक चौकट. आंगठ्याची जागा बोटानें घेतली, इतकाच फरक. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटानें नोव्हेंबर २०२१ मध्यें दिलेल्या अहवालांत असें नमूद आहे कीं, त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारींत पाहणी केली असतां कर्ज देणारीं सुमारें ११०० ॲप्स आढळलीं, व त्यांतलीं सुमारें ६०० बेकायदेशीर होतीं. यांतल्या ठकांची रीत अशी कीं, कर्ज घेतांना मोबाईलमधील सर्व फोन नंबर व छायाचित्रें पाहण्याची परवानगी घ्यावयाची, आणि हप्ता चुकला कीं त्या माणसाच्या सोयऱ्या-धायऱ्यांस, व्याह्यांस, शेजाऱ्यांस फोन करून त्याची बेअब्रू करावयाची. पूर्वींचा सावकार दावणीचा बैल सोडून नेई. हा अब्रू सोडून नेतो. आपल्या समाजांत बैलापेक्षां अब्रू गेलेली अधिक जिव्हारीं लागते, हें त्यानें बरोबर ओळखलें आहे.

यावर रिझर्व्ह बँकेनें २ सप्टेंबर २०२२ रोजीं नियम घातले, ते प्रत्येक शेतकरी कुटुंबानें पाठ करून ठेवावे असे आहेत. कर्जाची रक्कम थेट घेणाऱ्याच्या बँक खात्यांतच जमा झाली पाहिजे. कर्ज देण्यापूर्वीं सर्व खर्च धरून वार्षिक व्याजाचा एकूण दर किती पडतो, हें दाखविणारें तपशीलपत्रक दिलें पाहिजे. ॲपनें मोबाईलमधील फोन नंबरांची यादी, छायाचित्रें किंवा कोणाशीं बोलणें झालें याची नोंद पाहतां कामा नये. आणि विचार बदलल्यास, ठरलेल्या मुदतींत मुद्दल व तेवढ्या दिवसांचें व्याज परत करून, दंडाशिवाय मोकळें होण्याची सवलत पाहिजे. १८७९ च्या कायद्याशीं हे नियम ताडून पाहावे. दीडशें वर्षांपूर्वीं जें मागितलें तेंच आज पुन्हा मागावें लागलें. लग्नकार्यासाठीं किंवा औषध-फवारणीसाठीं तरुण मुलें घरांत न सांगतां मोबाईलवर कर्ज काढतात. त्यांस रागें भरण्यापेक्षां हे चार नियम सांगावे, आणि कर्ज देणारी बँक अगर वित्तसंस्था कोणती, तिचें नांव आधीं विचारावयास शिकवावें. नांव सांगत नसेल, तर कर्ज घेऊं नये.

गिऱ्हाईक म्हणून होणाऱ्या फसवणुकीविषयीं फार लिहीत नाहीं, कारण ती सर्वांच्या रोजच्या अनुभवाची आहे. "पांच मिनिटांत सवलत संपेल" म्हणून घाई करणें, न मागितलेली वस्तु यादींत घालणें, भाव कमी दाखवून शेवटीं खर्च चढविणें, वर्गणी सुरू करण्यास एक चौकट आणि बंद करण्यास दहा दारें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अशा १३ युक्त्यांची यादी करून त्यांस मनाई केली आहे. बियाणें, औषधें व ठिबकचें सामान मोबाईलवरून मागविणाऱ्यांनीं पावती जपावी, आणि फसगत झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरावर तक्रार नोंदवावी. तक्रार केल्यानें काय होतें, असें म्हणून गप्प बसण्याची आपली जुनी खोड या व्यापाऱ्यांच्या पथ्यावर पडली आहे.

याहून गंभीर बाब आपल्या माहितीची आहे, आणि ती शेतकऱ्याशिवाय इतरांच्या ध्यानांत लवकर येणार नाहीं. सल्ल्याचें एकादें ॲप मोबाईलवर घ्यावें तर तें गट नंबर विचारतें, क्षेत्र विचारतें, वाण विचारतें, छाटणीची तारीख विचारतें. शेतकरी भाबडेपणानें सर्व भरतो, कारण सल्ला फुकट असतो. आतां विचार करा. निफाड व दिंडोरी तालुक्यांतल्या हजारों बागांच्या गोडी छाटणीच्या तारखा ज्याच्या एका वहींत आल्या, त्याला कोणत्या आठवड्यांत किती द्राक्ष बाजारांत येणार, हें तीन-चार महिने आधींच कळलें. कोणाच्या चाळींत किती कांदा पडून आहे, हें ज्याला कळलें, त्याला घाई कोणास आहे आणि थांबण्याची ताकद कोणास आहे, हेंहि कळलें. शेतकऱ्याला मात्र शेजारच्या शिवारांतली गोष्ट ठाऊक नाहीं. सौदा ठरतेवेळीं एकाच्या हातांत साऱ्या जिल्ह्याची पाहणी आणि दुसऱ्याच्या हातांत आपली एक पाभर, अशी ती लढत होते. अमुक कंपनी असें करते असा आमचा आरोप नाहीं. पण करूं शकेल अशी सोय आपणच आपल्या बोटानें करून देत आहों, आणि तिला किंमत न घेतां देत आहों. फुकट सल्ल्याची किंमत ही अशी चुकती होते.

सरकारनें आतां शेतकरी ओळख क्रमांक दिला असून, आपल्या राज्यांत १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठीं तो आवश्यक केला आहे. सरकारी दप्तरांत नोंद असण्यास आमची हरकत नाहीं. तें दप्तर कायद्याखालीं चालतें. पण त्या नोंदींना खाजगी व्यापाऱ्याची वाट कोठें व कोणत्या अटींवर फुटते, हें शेतकऱ्यास मराठींत समजावून सांगितलें पाहिजे. सन २०२३ मध्यें व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. माहिती कशासाठीं हवी हें साध्या भाषेंत सांगून सम्मति घ्यावी, आणि दिलेली सम्मति परत घेण्याची सोय ठेवावी, हें त्याचें तत्त्व आहे. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांस मात्र नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. सम्मतीच्या नांवाखालीं काय चालतें, याचा मासला सन २०२१ मध्यें दिसला. व्हॉट्सॲपनें नव्या अटी पुढें केल्या, त्या मान्य करण्यावांचून लोकांस दुसरी वाट ठेवली नाहीं. भारतीय स्पर्धा आयोगानें नोव्हेंबर २०२४ मध्यें त्याबद्दल मेटा कंपनीस २१३ कोटि १४ लाख रुपये दंड केला, व प्रकरण पुढें अपिलांत गेलें. आपल्या गांवच्या विकास सोसायटीचे निरोप, दूध संघाचे हिशेब आणि मुलांच्या शाळेच्या सूचना ज्या साधनावर येतात, त्याला "नको" म्हणणें किती जणांस शक्य होतें?

म्हणूनच "नको असेल तर वापरूं नका" हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. बाजारपेठेचा रस्ता एकाच्याच मळ्यांतून जात असेल, तर मळेवाल्यानें "माझ्या मळ्यांतून येऊं नका" म्हणणें न्यायाचें होत नाहीं. वहिवाटीचा हक्क कायद्यानें त्यासाठींच मानला आहे. दुसरें उत्तर असें देण्यांत येतें कीं, नियम घातले तर धंदा बुडेल. लिलाव उघडा झाला तेव्हांहि रुमालवाले असेंच म्हणाले असतील. धंदा बुडाला नाहीं. लासलगांवचें नांव कांद्याच्या व्यापारांत देशोदेशीं गेलें, तें उघड्या लिलावानंतरच.

आमचें मागणें चारच गोष्टींचें आहे. पहिली, दर उघडा असावा: गिऱ्हाइकानें काय दिलें, माल देणाऱ्यास काय मिळालें, पोंचविणाऱ्यास काय मिळालें आणि कंपनीनें काय ठेवलें, हे चारहि आंकडे प्रत्येक पावतीवर छापलेले असावे. दुसरी, दरमहा हिशेबपट्टी मराठींत मिळावी, आणि ती तपासण्याचा हक्क असावा. तिसरी, अट बदलण्यापूर्वीं किंवा कोणाचें काम बंद करण्यापूर्वीं लेखी कारण, मुदत आणि माणसासमोर सुनावणी मिळावी. यंत्राच्या निकालावर यंत्राकडेच अपील, हा न्याय नव्हे. चौथी, शेतकऱ्याच्या शेताची नोंद ही त्याच्या शेताइतकीच त्याची मानावी, आणि त्याचा माल घेणाऱ्यास ती त्याच्या सम्मतीवांचून पाहतां येऊं नये. यांतली एकहि मागणी नवी नाहीं. सावकाराकडून, अडत्याकडून आणि सरकारी दप्तराकडून आपल्या वाडवडिलांनीं तीं तत्त्वें एकेक करून मिळविलेलीं आहेत. तींच नव्या व्यापाऱ्यास लागू करावयाचीं आहेत.

मागण्याबरोबर करण्यासारखेंहि कांहीं आहे. एकट्यानें कंपनीशीं करार करूं नये. गटानें, सोसायटीनें किंवा शेतकरी उत्पादक कंपनीनें करावा, म्हणजे दहा जणांस एकच भाव आला कीं नाहीं हें आपोआप कळतें. दिंडोरी तालुक्यांत मोहाडी येथें सह्याद्री फार्म्सनें शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी उभी करून परदेशांत द्राक्ष पाठविलें. तेव्हां कंपनी आणि यंत्र हीं शेतकऱ्याच्या हातांत राहूं शकतात, यास दूर जाऊन पुरावा शोधण्याची गरज नाहीं. टॅक्सीचालकांसाठींहि सन २०२५ मध्यें सहकारी संस्था नोंदली गेली असून, चालकांच्या भाड्यांतून कमिशन न कापण्याचें तत्त्व तिनें पुढें ठेवलें आहे. ती कितपत यशस्वी होते तें पुढें दिसेल. पण दिशा बरोबर आहे. आपल्या संघाच्या शाखांनींहि या महिन्यापासून एक काम हातीं घ्यावें. गांवांत कोणकोणतीं ॲप्स चालतात, तीं काय विचारतात आणि कोणत्या अटी घालतात, याची यादी करावी. इंग्रजी जाणणाऱ्या मुला-मुलींकडून त्या अटी मराठींत उतरवून घेऊन चावडीवर लावाव्या. निम्म्या तक्रारी तेवढ्यानेंच उजेडांत येतील.

व्यापाऱ्यानें नफा घेऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. नफ्याशिवाय व्यापार नाहीं, आणि व्यापाराशिवाय आपल्या कांद्याला व द्राक्षाला मोल नाहीं. त्यानें तो दिवसाउजेडीं, सर्वांच्या देखत आणि वहींत लिहून घ्यावा, इतकीच अपेक्षा आहे. येत्या वार्षिक सभेपुढें वरील चार मागण्यांचा ठराव मांडावा, अशी शाखांच्या चिटणीसांस विनंति करून आम्ही येथेंच थांबतों.